स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञानकोशातली ‘परात्मता’: नोंद उत्तम, पण वाचायची रीत हवी

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ऑनलाइन तत्त्वज्ञानकोशात डेव्हिड लिओपोल्ड यांची परात्मतेवरची नोंद २०१८ पासून आहे. परात्मता (इंग्रजीत एलिएनेशन) म्हणजे जे आपलं असायला हवं त्यापासून तुटणं, त्याला परकं होणं. ती फुकट वाचता येते, लॉगिन लागत नाही. नीटस पीडीएफ मात्र वर्गणीदारांनाच मिळते.

नोंदीची खरी कमाई एका फोडीत आहे. परकं वाटणं वेगळं, परकं असणं वेगळं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या मते आधुनिक समाज माणसाचं घर आहेच, त्याला ते तसं वाटत नाही एवढंच. म्हणून उपाय समजून घेण्याचा. मार्क्सच्या मते ते घरच नाही, त्यामुळे व्यवस्थाच बदलायला हवी. दिवसभर एकच बोल्ट आवळणारा कामगार ‘मी मजेत आहे’ म्हणाला तरी मार्क्सच्या लेखी तो तुटलेलाच: बनवलेल्या वस्तूपासून, कामापासून, स्वतःच्या माणूसपणापासून आणि इतर माणसांपासून. मालकवर्गही त्यातून सुटत नाही, फक्त तो या तुटलेपणात सुखात असतो.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नोंदीच्या जोडीला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मेल्विन सीमनचा लेख (१९५९) वाचावाच. त्यानं परात्मतेचे पाच अर्थ वेगळे काढले: हतबलता, अर्थहीनता, नियमहीनता, अलगपणा, आत्मदुरावा. ते व्यक्तीच्या अपेक्षांच्या भाषेत मांडल्यामुळे प्रश्नावलीनं मोजता येतात. दुसरा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लॉनर यानं १९६४ मध्ये चार उद्योग ताडून पाहिले. छपाईत परात्मता कमी, कापड गिरणीत जास्त, मोटार कारखान्यात सर्वाधिक, रसायन उद्योगात पुन्हा खाली. काम मोलाचं आहे, पण प्रश्नावलीच्या हाती लागतं ते वाटणं. आपला बोल्टवाला तिथे कमी गुण घेऊन सुटतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती या पाच अर्थांच्या गुणांच्या बेरजेत. नियमहीनता आली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमकडून. त्याची तक्रार इच्छांना लगाम उरला नाही ही. मार्क्सची तक्रार माणूस जखडला गेला ही. दोन्हींचे गुण मिळवून एकच आकडा काढला की उपाय कशावर करायचा तेच कळत नाही. पाचही मापं सुटी ठेवा.

वाचताना प्रत्येक विचारवंताला तीन प्रश्न विचारा: कोण तुटलं, कशापासून, आणि ते तुटणं वाईट का? तिसरा सोडू नका, कारण प्रत्येक ताटातूट परात्मता नसते. संदर्भ देताना कोशाच्या तिमाही संग्रहातली आवृत्ती द्या. चालू पानावरचा मजकूर बदलू शकतो.

मराठीत ‘एकटेपणा’ हा प्रतिशब्द टाळावा. सीमनचा अलगपणासुद्धा एकटेपणा नव्हे. समाज ज्याला मोल देतो त्याला आपण मोल न देणं, असा त्याचा अर्थ आहे.