२००० लिटरची तयार प्लास्टिक सेप्टिक टाकी: पूर्ण पावसाळा काढल्यावरचा अनुभव

पाच माणसांचं घर, कोकणातली जांभ्याची जमीन, दोन कप्प्यांची आडवी टाकी. टाकी चांगली आहे, पण "उपसा कधीच नाही" ही जाहिरात खोटी. जिवाणू मैला कुजवून कमी करतात, नाहीसा करत नाहीत. तळाशी गाळ साठतोच.

या मापात फक्त संडासाचं पाणी घ्या. ते माणशी ३०-४० लिटर धरलं तर दिवसाला २०० लिटरच्या आत राहतं. न्हाणी-मोरी जोडली की आकडा ५०० च्या घरात जातो, गाळाला खाली बसायला उसंत मिळत नाही आणि तो शोषखड्ड्याकडे (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) वाहतो.

बसवताना तळाला १५ सेंमी पीसीसी (साधं, सळईविना काँक्रीट) आणि वर वाळूचा पातळ थर. मग टाकीत पाणी भरत जायचं आणि त्याच बेताने बाजूने ३०-३० सेंमी वाळू भरत यायचं. रिकाम्या टाकीभोवती भराव लोटला तर पोट आत दबतं. गवंडी घाई करतात ती नेमकी इथेच. खोदाईतले जांभ्याचे तुकडे बाजूला भरू नका, टोकं रुततात.

पावसाळ्यात भांडं गुडगुडायला लागलं, पाणी सावकाश उतरू लागलं की सगळे टाकीला शिव्या देतात. आधी टाकीनंतरचं चेंबर उघडा. ते तुडुंब असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाहीये. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, टाकी उपसून दोन दिवसही निभत नाही. उलट, पाणथळ जमिनीत रिकामी टाकी उचलली जाते; या मापाला उचल दोन टनांच्या आसपास येते. चेंबर कोरडं आणि टाकीतलं पाणी मात्र आउटलेटच्या वर, असं दिसलं तर टी (आउटलेटच्या तोंडावरचा T आकाराचा पाइप) तुंबलाय. या टाकीसोबत आलेल्या टीचा खालचा पाय आखूड होता, त्यामुळे वर तरंगणारा मैल्याचा थर, म्हणजे साय, थेट आउटलेटात शिरायची. ११० मिमी पाइपचा तुकडा जोडून तो पाण्याखाली ३० सेंमी नेल्यावर त्रास थांबला. टीचं वरचं तोंड उघडंच ठेवा, सळई तिथूनच घालता येते.

हवेच्या पाइपावरची प्लास्टिकची जाळी उन्हात कडक होऊन तुटते आणि डास मोकळे. स्टीलची बसवा. कल्चर पावडरची (जिवाणूंची विकतची पूड) गरज नाही, जिवाणू मैल्यासोबत येतातच. ॲसिड, ब्लीचिंग मात्र बेताने.

गाळ मोजायला लांब काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरा टॉवेल सुतळीने बांधा. आउटलेटजवळून तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं थांबा, सावकाश वर घ्या. जिथवर काळं, तिथवर गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शावर आली की मैला उपसणारी गाडी बोलवा. साधारण दोन-तीन वर्षांनी वेळ येते. वाई, सिन्नरसारख्या नगरपालिकांनी तीन वर्षांचं चक्रच लावलं. उपसा उन्हाळ्यात करा, थोडा गाळ तळाशी राहू द्या आणि गाडी गेल्यावर लगेच टाकी पाण्याने भरा. आत कुणालाही उतरवू नका: आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि सुरक्षा साधनांशिवाय कुणाला उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

विहीर शोषखड्ड्यापासून निदान १८ मीटर हवी. जांभ्यात भेगा असतात, इथे जास्तच ठेवा. आणि जागा ठरवण्याआधी गाडीवाल्याला नळीची लांबी विचारा. परसात, माडांच्या मागे टाकी गाडलीत तर नळी पोचणार नाही.