लंडन ते लील युरोस्टार, दोन दिवसाच्या फिरण्याला एक नंबर

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची जी मंडळी लेकीकडं लंडनला जाणारेत त्यांनी ही लंडनहून फ्रान्सला जाणारी युरोस्टार रेल्वे सोडूच नका. तिथले इंग्रज शुक्रवारी ऑफिस सुटलं की बॅग उचलून फ्रान्सला अन् रविवारी रात्री परत घरी, आम्हीपण जावयबापूंसोबत तसंच केलं. सगळे पॅरिस पॅरिस करतात, तेपण सव्वादोन तासात येतंय, पण आम्ही फ्रान्समधलंच लील शहर घेतलं, दीड तासाच्या आत पोचलो, एवढ्या वेळात लातूरहून सोलापूर येत नाही बघा. मधी 50 किमीचा बोगदा, त्यातला 38 किमी समुद्राच्या खालून, 1994 पासून चालूय, आत फक्त खिडकी काळी होते, बाकी काही कळत नाही.

लई आवडलं ते म्हणजे फ्रान्सचं पासपोर्ट चेकिंग लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्टेशनवरच होतं, लीलला उतरलं की थेट बाहेर अन् चालतच जुन्या चौकात. सामान कोणी तोलत बसत नाही, मी धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बिनधास्त नेली. रविवारी सकाळी लीलच्या वाझेम भागातला बाजार नक्की बघा, भाजी, फुलं, चीज, नुसती गर्दी! स्टेशनजवळचं एक हॉटेल घेतलं होतं, तिथली खोली मात्र फारच बारकी, बॅग उघडायला जागा नाही.

आपल्या पासपोर्टवाल्यांनो, ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, तिकडचा शेंगेन व्हिसा वेगळा काढा. अन् तिकीट लवकर घ्या, तारीख जवळ आली की रेट वाढत जातात.