गिरणीत सीसीटीव्ही लावून दहा महिने झाले, त्याचा हिशेब

जाहिरातीत आकडा होता : ४ कॅमेरे, फिटिंगसह १३,९९० रुपये. हातात पडलं ते बिल २२,९३९ चं. आणि काल रात्री वही काढून सगळी बेरीज मारली तेव्हा आकडा आला २९,६८९. तीस हजाराला ३११ कमी. लावणाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याची जाहिरात खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी मी इथे लिहिते आहे.

आमची नवी मुंबईत, कोपरखैरण्यात पिठाची गिरणी आहे. सिडकोच्या बैठ्या घरांची रांग, खाली गिरणी, वर आम्ही राहतो. कॅमेरे लावायचं कारण चोरी नव्हती, डबे होते. लोक दळण टाकून जातात, डब्याला चिठ्ठी असते, संध्याकाळी गर्दीत एकाचा डबा दुसऱ्याच्या पिशवीत जातो. गेल्या श्रावणात एका आजींचं लोकवन कोणाच्या तरी घरी गेलं आणि त्यांच्या वाट्याला जाडंभरडं पीठ आलं. आठ दिवस त्या रोज येऊन बसायच्या. शेवटी मी पाच किलो लोकवन दळून दिलं आणि नवऱ्याला म्हटलं, नवरात्राच्या आत कॅमेरे लागले पाहिजेत, कारण त्यानंतर भाजणीची गर्दी सुरू होते.

बिलाची फोड. दोन बुलेट कॅमेरे (नळीसारखे लांबट) १,५५० प्रमाणे, दोन डोम (वर पारदर्शक वाटी असलेले) १,४०० प्रमाणे, सगळे २ मेगापिक्सेलचे. चार चॅनेलचा, म्हणजे चार कॅमेरे लागणारा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) ३,२००. पॉवर सप्लाय ६५०. नव्वद मीटरचं केबलचं बंडल १,७००. चित्राचे बीएनसी आणि विजेचे डीसी कनेक्टर मिळून ३००, चार पीव्हीसी बॉक्स २४०. मजुरी कॅमेऱ्यामागे ५००, म्हणजे २,०००. इथपर्यंत झाले १३,९९०, जाहिरातीतला आकडा. यात हार्ड डिस्क नाही! म्हणजे कॅमेरे बघतील, पण लक्षात काहीच ठेवणार नाहीत. १ टीबीची डिस्क ४,३००. वायर झाकायची केसिंग पट्टी १,१५०. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ३,४९९.

पट्टीवर मी घासाघीस करायला गेले होते. ‘वायर उघडी राहिली तर काय बिघडतं’ असं म्हटल्यावर त्या मुलाने कोपऱ्यातल्या लेंड्यांकडे नुसतं बोट दाखवलं. गिरणी म्हटली की उंदीर आलेच. मी गप्प बसले. डिस्कच्या बाबतीतही तेच. साधी कॉम्प्युटरची डिस्क दीड हजाराने स्वस्त पडत होती, पण कॅमेऱ्यांसाठीची डिस्क चोवीस तास लिहीत राहायला बनवलेली असते आणि आमच्या डिस्कला तीन वर्षांची वॉरंटी आहे. ते पैसे वाचवू नका.

घेण्याआधी नवरा एका सोमवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आला. कुर्ला, दादर, ग्रँट रोड, अख्खा दिवस. तिथे हाच माल साधारण अडीच हजाराने स्वस्त होता. आणखी स्वस्त मागितल्यावर एकाने ‘जुना स्टॉक आहे’ म्हणून वेगळेच बॉक्स काढले. ९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारचा नियम लागू आहे, बाजारात येणाऱ्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी पास करावी लागते, त्याला दुकानदार एसटीक्यूसी म्हणतात. बाहेरून कोणी तुमच्या कॅमेऱ्यात शिरू नये यासाठी ती चाचणी आहे. जुना स्टॉक या चाचणीआधीचा, स्वस्त होता तो यामुळे. आम्ही तो घेतला नाही. माल तिकडून आणि फिटिंग इकडून हेही केलं नाही, कारण इथला माणूस स्पष्ट म्हणाला, तुमचा माल तर बिघाडही तुमचा.

आता वापर.

पहिल्याच आठवड्यात डबा हरवला. (हरवणारच होता, मी जणू वाटच बघत होते.) फुटेज काढलं. माणसं दिसतात, डबे दिसतात, पण चिठ्ठी वाचता येईना. मोठं करायला गेलं की नुसते चौकोन. मुलीने गणित करून दाखवलं ते मला फार पटलं. २ मेगापिक्सेल म्हणजे चित्रात आडवे १,९२० ठिपके. आमच्या कॅमेऱ्याची लेन्स २.८ मिलीमीटरची, म्हणजे रुंद दाखवणारी. आठ फुटांवरून तो वीस फुटांची भिंत दाखवतो. फुटाला आले ९६ ठिपके. तीन इंची चिठ्ठीच्या वाट्याला २४. त्यात ‘कुलकर्णी, ज्वारी, बारीक’ कसं मावणार?

तो डबा शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ओळखला. कडीला सुतळी आणि बुडाला पोचा, एवढ्यावरून म्हणाले, हा शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचा. कॅमेऱ्याला मार्क नाही.

मग डब्यांच्या मांडणीसमोरचा डोम काढून ६ मिलीमीटर लेन्सचा बुलेट लावला, मांडणीपासून सहा फुटांवर, जरा खाली. तो फक्त सहा फूट रुंदी दाखवतो, पण फुटाला ३२० ठिपके येतात आणि जाड पेनने लिहिलेली चिठ्ठी वाचता येते. कॅमेरा १,७५०, मजुरी ५००. हे मी आधीच विचारायला हवं होतं. लावणारा विचारतो ‘कुठे कुठे लावायचे’, आपण हात दाखवतो, तो जास्तीत जास्त जागा दिसेल असं लावतो. त्याला सांगायचं की मला काय वाचायचं आहे, कोणाचा चेहरा हवा आहे. बाकीचा हॉल दिसला नाही तरी चालतो.

काढलेला डोम खणात पडून आहे, कारण चार चॅनेलच्या डीव्हीआरला पाचवा कॅमेरा लागत नाही. आठ चॅनेलचा तेव्हा १,४०० रुपयांनी महाग होता.

दुसरी भानगड मोटरची. दहा एचपीची मोटर सुरू झाली की दिवे डोळा मारतात, हे गेली वीस वर्षं चालू आहे. पण डीव्हीआर त्या झटक्याला बंद होऊन पुन्हा सुरू होत होता आणि पूर्ण उठायला त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागायची. दिवसात दहादा मोटर चालू केली तर वीस मिनिटं रेकॉर्डिंग गायब. तेही नेमकं गिऱ्हाईक समोर असताना, कारण गिऱ्हाईक असतं म्हणूनच मोटर चालू होते. हे आम्हाला कळलंच नव्हतं! दिवाळीआधी फुटेजमध्ये भोकं दिसली तेव्हा कळलं. छोटा यूपीएस, म्हणजे झटक्यात वीज तुटू न देणारी बॅटरी, ३,१०० ला आणला, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा सप्लाय त्यावर टाकला, प्रश्न संपला. सुतारकाम, वेल्डिंग, पिठाची गिरणी, जिथे मोठी मोटर आहे तिथे यूपीएस पहिल्याच बिलात धरा.

पिठाबद्दल काय सांगू. आत राहिलेल्या दुसऱ्या डोमवर दोन दिवसांत पांढरी साय येते. दिवसा ठीक, पण रात्री डोमच्या आतले, अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे त्या सायीवर आपटून परत येतात आणि चित्रात धुकं भरतं. बुलेटला हे कमी होतं, कारण त्याच्यावर तसली वाटी नसते. धुळीच्या जागी डोम घेऊ नका, दिसायला कितीही गोड असला तरी. मी रोज गिरणी झाडताना रंगाचा मऊ ब्रश फिरवते आणि रविवारी चष्म्याचं फडकं. ओलं फडकं लावलं की पिठाची खळ होते, तो प्रयोग करून झाला आहे.

रेकॉर्डिंग ‘महिनाभर राहील’ असं सांगितलं होतं. राहत होतं अकरा दिवस. एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवला तर दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो, चार कॅमेरे ८६ जीबी, १ टीबी संपली. सेटिंगमध्ये एच.२६५, म्हणजे चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत, निवडून प्रत्येकी १ एमबीपीएस केलं तेव्हा तेवीस दिवस मिळायला लागले. चित्रात फरक पडतो, पण माझ्या कामाला पुरतं. ‘हालचाल झाली तरच रेकॉर्ड’ हा पर्याय आमच्याकडे निकामी, पीठ सतत उडतच असतं.

सगळ्यात जास्त राग मला ज्या गोष्टीचा आला तिला एक पैसा खर्च नव्हता. पाचव्या महिन्यात फोन बदलला, ॲप नव्याने टाकलं, तर डीव्हीआर जोडता येईना. आधीच कोणाच्या तरी खात्याला जोडलेला आहे म्हणे. ते खातं लावून गेलेल्या मुलाचं! त्याने स्वतःच्या खात्यात आमचा डीव्हीआर घालून मला फक्त ‘शेअर’ केला होता. म्हणजे गिरणीची मालकीण मी, आणि ॲपमध्ये पाहुणी, आणि पाच महिने तो कधीही आमचा गल्ला बघू शकत होता. बघितला असेल असं मला वाटत नाही, गिऱ्हाइकाच्या नावाने खातं उघडायची त्याला सवय नव्हती इतकंच. चार दिवस फोन केल्यावर त्याने ते काढून टाकलं. पासवर्डही त्या दुकानाने सगळ्या गिऱ्हाइकांना एकच दिलेला होता. तेव्हा फिटिंग चालू असतानाच आपल्या फोनवर, आपल्या नंबरने खातं उघडून घ्या, पासवर्ड स्वतः टाका, मगच उरलेले पैसे द्या.

पावसाळ्यात बाहेरचा एक कॅमेरा गेला. कॅमेरा धड होता, बॉक्समधला कनेक्टर हिरवा पडला होता. वायर वरून थेट बॉक्समध्ये येत होती, त्यामुळे पाणी वायरीवरून घसरत आत. वायरला बॉक्सच्या खाली झोळ देऊन मग खालून वर आत घ्यायची असते, पाणी झोळातून ठिबकून जातं. दुसऱ्या कारागिराने हे पाच मिनिटांत केलं. पॉवर सप्लायही त्याच आठवड्यात जळाला, ७००. दोन भेटींचे ३५० प्रमाणे आणखी ७००. पॉवर सप्लायला वॉरंटी होती, पण ‘पाणी गेलं की वॉरंटी नाही’. पाणी कोणाच्या फिटिंगमुळे गेलं, यावर उत्तर आलं नाही. शिवाय खाडीची हवा, स्क्रू दहा महिन्यांत गंजले. स्टीलचे मागा.

शेजारच्या काकूंशी खटका उडाला तो वेगळाच. ‘अगं, तुझा कॅमेरा माझ्या ओट्यावर कशाला? मी तिथे केस विंचरत बसते.’ बरोबरच होतं त्यांचं. गल्ली आठ फुटांची, बुलेट समोर लावला की त्यांचं दार येणारच. डीव्हीआरमध्ये चित्राचा तेवढा भाग काळा करायची सोय असते, ती वापरली आणि त्यांना बोलावून स्क्रीनवर दाखवलं. तरी आठवडाभर बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत गल्लीतून स्कूटर चोरीला गेली, तेव्हा पोलीस फुटेज मागायला आले. घड्याळ सात मिनिटं मागे होतं, हे त्यांनीच पहिल्यांदा पाहिलं. इंटरनेटवरून वेळ जुळवायचं सेटिंग बंदच होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे सात मिनिटांचा फरक नीट लिहून द्यावा लागला.

वीज : वॅटमीटर लावून पाहिलं, मॉनिटर बंद ठेवून सगळं मिळून ३५ वॅट. महिन्याला २५ युनिट. दुकानाच्या मीटरवर अडीचशे-तीनशे रुपये, आणि हे त्या २९,६८९ मध्ये धरलेले नाहीत.

आता नव्या कारागिराने वर्षाच्या देखभालीचे ३,५०० सांगितले आहेत, चार भेटी, सुटे भाग वेगळे. ब्रश मीच मारते, तेव्हा मी त्याला नाही म्हटलं. दोनच भेटी, एक मे महिन्यात पावसाआधी आणि एक श्रावणात, एवढ्याचे किती ते सांग म्हटलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. डबे मात्र अजूनही बदलतात, महिन्यातून एखादा. कोणाकडे गेला ते आता त्याच संध्याकाळी कळतं.