मी न पाहिलेलं वळण

मॅरेथॉनमध्ये माझी फसवणूक झाली. पैसे गेले नाहीत, गेला तो शब्द. तोही मीच लिहून दिला होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्षभर मी आणि माझा एक मित्र एकत्र सराव करत होतो. पहाटे उठवायला त्याचा फोन, पाय आखडला तर त्याचाच खांदा. त्या शर्यतीत आमच्या वयोगटातल्या पहिल्या काही जणांनाच पुढच्या मोठ्या शर्यतीत प्रवेश मिळणार होता. मी त्या हिशेबात नव्हतो. तो काठावर होता.

रस्ता जाऊन-येऊन होता. मधे दुभाजक, २५ किलोमीटरला वळण आणि वळणावर प्रत्येक धावपटूकडच्या चिपची नोंद घेणारी मॅट. २० किलोमीटरला तो माझ्यापुढे दोन मिनिटं होता. पुढे मी २३ च्या सुमारास असताना तो पलीकडच्या बाजूने परत येताना दिसला. मी हात केला. दमलेल्या डोक्यात एवढंच आलं, आज गडी उडतोय!

चार दिवसांनी आयोजकांनी त्याला विचारलं, २५ च्या मॅटवर तुमची नोंद का नाही? त्याचा लगेच मला फोन. ‘चिपने दगा दिला रे. तू पाहिलंस ना मला? दोन ओळी लिहून दे.’ मजकूरही त्यानेच पाठवला: ‘मी यांना वळणावर पाहिले.’ मी पाहिलं होतं ते परत येताना. पण परत येतोय म्हणजे वळून आला असणारच, असं धरून मी खाली नाव घातलं. खरं सांगायचं तर ‘वळणावर’ हा शब्द तेव्हाच खटकला होता. मित्राला काय शब्दाशब्दावरून अडवायचं, म्हणून सोडून दिलं.

साधं गणित महिनाभराने केलं, तेही दुसऱ्याच कारणासाठी घड्याळातल्या नोंदी चाळताना. आमची दोघांची गती किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या आसपास. वळून येऊन मला २३ ला समोरून भेटायचं, तर तो माझ्यापुढे चार किलोमीटर, म्हणजे २२ मिनिटं हवा. होता दोन. मग त्याचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, काढले. इतर प्रत्येक १० किलोमीटरला ५५ मिनिटांच्या आसपास आणि २० ते ३० मधले १० किलोमीटर ३४ मिनिटांत. दुभाजक ओलांडून जवळजवळ चार किलोमीटर त्याने खाल्ले होते.

१९८० च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर आली आणि महिलांमध्ये पहिली ठरली. तेव्हा चिप नव्हती. वाटेत नोंदी ठेवणाऱ्या कुणालाही ती दिसलेली नव्हती, आणि आठ दिवसांनी विजेतेपद कॅनडाच्या जॅकलिन गॅरोकडे गेलं. रुईझच्या बाजूने लिहून द्यायला माझ्यासारखा मित्र नव्हता, एवढाच फरक.

त्याला विचारलं तेव्हा तो चिडलासुद्धा नाही. ‘सगळेच कुठे ना कुठे करतात. तुझं काय गेलं त्यात?’ सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने जानेवारी २०१३ मध्ये टीव्हीवर उत्तेजकांची कबुली दिली, तेव्हा त्याचाही सूर असाच होता: तेव्हा ती फसवणूक वाटलीच नाही, मैदान सगळ्यांना सारखंच होतं. सात टूर द फ्रान्स विजेतेपदं तोवर काढून घेतलेली होती. मला मात्र चोरीपेक्षा तो शांतपणा जास्त लागला. पहाटे पाचला फोन करून उठवणारा माणूस आणि हा माणूस, दोन्ही एकच.

तेव्हा कुणासाठी साक्ष द्यायची वेळ आली, मग ती शर्यतीची असो, नोकरीच्या शिफारशीची असो की हिशेबावरच्या सहीची, तयार मजकुरावर नाव घालू नका. स्वतःच्या शब्दांत लिहा: कुठे पाहिलं, किती वाजता, कुठल्या बाजूला. मी ‘२३ ला, परतीच्या बाजूला’ एवढंच खरं लिहिलं असतं, तर आयोजकांनीच दोन मिनिटांत हिशेब मांडला असता. आणि नोंदी आधी बघा, मैत्री नंतर. माझं उलटं झालं.

मी आयोजकांना कळवून माझी साक्ष मागे घेतली. निकालातून त्याचं नाव गेलं, पण पुढच्या शर्यतीचे प्रवेश तोवर बंद झाले होते. एका जागेने हुकलेल्या धावपटूला मी स्वतः पत्र लिहिलं, झालं ते सगळं सांगून. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं: ‘त्याचे स्प्लिट मी त्याच संध्याकाळी पाहिले होते. तक्रारही लिहिली होती. पण तुमची साक्ष आहे असं कळलं, आणि मलाच माझी लाज वाटली.’