बडोद्याची वास्तू पॉवर बँकेवर: यूव्ही छपाई, विनाइल की पत्रा?

परगावी शिकायला निघालेल्या मुलांना किंवा लग्नाला आलेल्या पाहुण्यांना लक्ष्मी विलास पॅलेसचा फोटो छापलेली पॉवर बँक द्यावी, ही कल्पना छानच आहे. पण दुकानात गेल्यावर आधी फोटो बघू नका. पॉवर बँक उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तिथेच पडताळता येतो. क्रमांक नसेल तर फोटो कितीही देखणा असो, घेऊ नका. १०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-अवर (बॅटरीत साठलेली ऊर्जा). फोनला ५ व्होल्टने देताना हाती साधारण ६,००० एमएएच उरतात. ५,००० एमएएचचा फोन त्यात साधारण सव्वा वेळा भरतो.

रोज वापरायची असेल तर आमचं मत यूव्ही छपाईला. यात शाई थेट बॉडीवर पडते आणि अतिनील दिव्याखाली तिथल्या तिथे सुकते. गडद बॉडीवर आधी पांढरा थर, मग रंग, वर वार्निश. बोट फिरवलं की कमानीच्या कडा किंचित उठून लागतात, तो स्पर्श बाकी दोन्हींत मिळत नाही. मात्र पृष्ठभाग सपाट हवा. गोलाईवर शाई सोडणारं प्रिंटरचं हेड दूर राहतं आणि रेषा फाटते, म्हणून चित्र कडेपासून २-३ मिमी आतच ठेवायला सांगा. ॲल्युमिनियमवर प्रायमर लावल्याशिवाय शाई धरत नाही. रबरासारखा मऊ थर असलेली बॉडी तर टाळाच: काही वर्षांत तो थर चिकट होऊन सुटतो आणि छपाईही सोबत नेतो. नमुन्याच्या तुकड्यावर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपवर रंग आला, तर ते काम तुमच्या हातातही टिकणार नाही.

घरात चांगली पॉवर बँक आधीच असेल तर विनाइल, म्हणजे फोटो छापलेला प्लास्टिकचा स्टिकर, घ्या. बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. विनाइल कडेपेक्षा १ मिमी लहान कापा, एका टोकापासून जुन्या एटीएम कार्डाने दाबत न्या. बुडबुडा राहिला तर बारीक टाचणीने टोचा. हीट गन अजिबात नको, आत लिथियमचा सेल आहे. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत असलं की बोटांचे ठसे उठतात. खोट एवढीच की बडोद्याच्या मे महिन्यात ॲक्टिवाच्या डिकीत राहिलं की गोंद सैल पडतो आणि कोपरे उचलतात. तसंही पॉवर बँक डिकीत ठेवूच नये. उन्हाने सेलचं आयुष्य घटतं.

आणि मागचं लेबल कशानेही झाकू नका. विमानतळावर क्षमता वाचता आली नाही तर पॉवर बँक अडवली जाऊ शकते.

तिसरा प्रकार म्हणजे सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने शाई आत मुरवून, छापलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, दुहेरी टेपने चिकटवलेला. बारकावे सुंदर उतरतात. पत्रा सुटाच छापावा लागतो, कारण प्रेसचं तापमान २०० अंशांच्या आसपास असतं. वायरलेस चार्जिंगच्या बाजूला पत्रा चालणार नाही: चार्जिंग अडतं आणि धातू तापतो.

आता फोटो. १४ × ७ सेंमी जागेला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १६५० × ८३० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातून तुकडा कापला की पुरत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मी विलास आडवा एवढा पसरलेला आहे, की अख्खी दर्शनी बाजू घेतली तर जाळ्या आणि झरोके यांचा नुसता चिखल होतो. मनोरा घ्या, नाहीतर कमानींची एकच ओळ. त्याच वाड्याचं काम पहिले वास्तुविशारद मेजर मंट यांच्यानंतर पुरं करणाऱ्या रॉबर्ट चिझम यांचा, एम. एस. विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीचा घुमट मात्र लहान आकारातही लगेच ओळखू येतो. उभ्या पॉवर बँकेला गायकवाड घराण्याच्या स्मृतिस्थळाचं, कीर्ती मंदिराचं, शिखर शोभतं. फोटो लांबून, फोन सरळ धरून काढा. पायथ्याशी उभं राहून काढला की मनोरा मागे कलतो. स्क्रीनपेक्षा छपाई गडद येते, म्हणून सावल्या थोड्या उजळून द्या. इंटरनेटवरून उचललेला फोटो छापू नका, तो काढणाऱ्याचा असतो.

बाहेरगावी पाठवायची असेल तर लिथियम बॅटरी विमानाने घेतात का, हे कुरिअरवाल्याला आधीच विचारा. स्वतः नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. तिथे मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, त्यामुळे ७४ वॉट-अवरची २०,००० एमएएचवालीसुद्धा त्यात बसते.