टी कोरोना बोरियालिससाठी एएव्हीएसओचे फुकट नकाशे: उत्तम, पण एकाने भागत नाही

उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोना बोरियालिस (पुढे नुसता टी) हा जोडतारा आहे. फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि त्याच्याकडून वायू ओढून घेणारा श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा लहान, दाट गाभा) सुमारे 227.6 दिवसांत एक फेरी पूर्ण करतात. बटूवर साचलेल्या हायड्रोजनचा 1866 आणि 1946 मध्ये भडका उडाला आणि एरवी दहाव्या प्रतीच्या आसपास असणारा (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. पुढच्या भडक्याची वाट पाहणाऱ्यांसाठी एएव्हीएसओचा, म्हणजे अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेचा, व्हेरिएबल स्टार प्लॉटर हे ताऱ्यांचे नकाशे काढून देणारं संकेतस्थळावरचं सगळ्यात कामाचं साधन. ही संस्था 1911 पासून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते. नकाशा काढायला खातंही लागत नाही.

ताऱ्याचं नाव टाकायचं, ए ते जी यांपैकी एक अक्षर निवडायचं, की नकाशा तयार. तेजाच्या नेहमीच्या अंदाजाला डी नकाशा, म्हणजे 1 अंशाचं क्षेत्र, बरोबर बसतो. मात्र तारा शोधायला तो निरुपयोगी. वाटाड्या तारा एप्सिलॉन जेमतेम 1 अंश वायव्य-उत्तरेला असल्याने डीच्या चौकटीबाहेर राहतो. त्यासाठी 3 अंशांचा बी नकाशा काढावा.

नवख्यांची फसगत होते ती दिशांच्या पर्यायात. व्हिज्युअल म्हणजे उलटं चित्र, ते न्यूटोनियन दुर्बिणीसाठी. डायगोनल (नजर काटकोनात वळवणारा आरसा) लावलेल्या दुर्बिणीत चित्र आरशासारखं दिसतं, तिथे रिव्हर्स्ड हवा. द्विनेत्री वापरणाऱ्याने कॅमेऱ्याचं नाव पाहून बिचकू नये, सीसीडीच निवडावा: उत्तर वर, पूर्व डावीकडे. चुकीचा पर्याय घेतला तर शेजारचाच एखादा तारा टी म्हणून मोजला जातो, आणि आकडा पटण्याजोगा असल्यामुळे चूक ध्यानातही येत नाही.

नकाशावर तुलनेच्या (ठरलेल्या तेजाच्या) ताऱ्यांपुढे 98 लिहिलेलं असेल तर ती 9.8 प्रत. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो ठिपकाही तारा वाटेल. एक तारा टीपेक्षा तेजस्वी, दुसरा मंद घ्यायचा आणि मधलं अंतर मनात वाटून द्यायचं. समजा 97 आणि 102 यांच्यामध्ये टी तेजस्वी ताऱ्यापासून दोन पंचमांश अंतरावर वाटला, तर नोंद 9.9. टीकडे टक लावून पाहायचं नाही. तांबडा तारा रोखून पाहिला की उजळत गेल्यासारखा भासतो. झरझर नजर फिरवून ठरवावं. चंद्रप्रकाशातही तांबडे तारे फसवतात.

आता खरी उणीव. भडका उडाला की डी नकाशा कुचकामी, कारण त्यातले सगळे तारे टीपुढे फिके पडणार. तेव्हा 15 अंशांचा ए नकाशा लागतो. याच तारकासमूहातले अल्फेका 2.2, बीटा 3.7 आणि एप्सिलॉन 4.1 प्रतीचा, हे तिघे त्यात मावतात. तेज काही तासांतच चढतं आणि नुसत्या डोळ्यांना तारा जेमतेम आठवडाभर दिसतो. म्हणून ए नकाशा आधीच छापून ठेवावा. ही सूचना प्लॉटरनेच दिली असती तर बरं झालं असतं.

संस्थेचा लाइट कर्व्ह जनरेटरही (काळानुसार तेजाचा आलेख काढणारं साधन) फुकट आहे आणि तो जरूर पाहावा, पण व्हिज्युअल (डोळ्यांनी केलेल्या) आणि व्ही (व्ही फिल्टर लावून मोजलेल्या) या नोंदी एकत्र करू नयेत. तांबड्या ताऱ्याबाबत डोळा आणि फिल्टर यांचं एकमत नसतं. फक्त व्हीचे ठिपके ठेवले, तर सुमारे 114 दिवसांची सौम्य लाट उठून दिसते. बटूच्या ओढीने राक्षसी तारा थेंबासारखा ताणला गेलाय. प्रत्येक फेरीत तो दोनदा रुंद बाजूने दिसतो, म्हणून ही लाट फेरीच्या निम्म्या काळाची.

नोंद पाठवताना नकाशाचा क्रमांक, तुलनेचे दोन्ही तारे आणि वेळ द्यावी लागते. निरीक्षक कोड घ्यावा लागतो, पण वर्गणी भरून सभासद होण्याची सक्ती नाही. वेळ ज्युलियन दिवसात (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) देत असाल तर लक्षात ठेवा, तो जागतिक वेळेच्या दुपारी 12 वाजता सुरू होतो, मध्यरात्री नव्हे. हा अर्धा दिवस चुकला तर शांत काळात फारसं बिघडत नाही, भडक्याच्या रात्री मात्र ती नोंद वाया जाते.