मॉडेल किट: ट्रोपिनोनला पास, स्ट्रिक्नीनला एटीकेटी

एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पोरांना अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजनवाली रसायनं) शिकवायचेत म्हणून रेणू जोडून बघायचं गोळे-काड्यांचं मॉडेल किट ऑनलाइन मागवलं, ८५० रुपयाला. तीन आठवडे वापरून मग लिहितोय, पहिल्या दिवशी काय सगळंच भारी वाटतं.

आधी चांगलं सांगतो. कार्बनचे काळे गोळे दणकट आहेत, भोकं नीट कोनात पाडलीत, काडी टक् करून बसते आणि सैल पडत नाही. टेस्ट म्हणून ब्रिटिश केमिस्ट रॉबर्ट रॉबिन्सनचं ट्रोपिनोन, म्हणजे अल्कलॉइडांतला एक छोटा रेणू, बनवलं. सात कार्बनचं कडं, त्यावर नायट्रोजनचा पूल, पुलावर एक मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन). हे मी फळ्यावर कित्येक वर्षं काढतोय आणि मागच्या बाकावरची पोरं तेवढीच वर्षं झोपतायत. यावेळी मॉडेलच एका पोरीच्या हातात दिलं आणि म्हटलं, पुलाच्या दोन काड्या काढ, आता कीटोनच्या (ऑक्सिजनला डबल बाँडने जोडलेल्या कार्बनच्या) शेजारचे दोन कार्बन पुलाच्या पायाला जिथे चिकटलेत तिथल्या पण दोन काढ. तीन तुकडे झाले, एक चार कार्बनचा, एक तीनचा, आणि नायट्रोजनला लटकलेलं मिथाइल. "सर, हे तर ॲसिटोन!" झालं की काम! रॉबिन्सनची युक्ती हीच, मनातल्या मनात पाणी घालून रेणू तोडायचा आणि काय तुकडे पडतात ते बघायचं. १९१७ ला त्याने सक्सिनडायअल्डिहाइड, मिथाइलअमाइन आणि ॲसिटोन (चांगलं यील्ड, म्हणजे शेवटी जास्त माल हाती, हवं म्हणून ॲसिटोनऐवजी त्याच्या डायकार्बॉक्सिलिक ॲसिडचं कॅल्शियम सॉल्ट) एकाच भांड्यात घालून ट्रोपिनोन काढलं, त्याआधी १९०१ ला जर्मन केमिस्ट विलस्टेटरने केलेला रस्ता एवढा लांबलचक होता की शेवटी हातात एक टक्का पण उरत नव्हता.

इथपर्यंत किट पाचपैकी पाच. मग मला खाज सुटली स्ट्रिक्नीन करायची. आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं विष तेच. २१ कार्बन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन आणि सात कडी एकमेकांत अशी घुसलेली की एक बसवलं की दुसरं उखडतं. आणि डबल बाँड पाच, दर बाँडला दोन म्हणजे वाकणाऱ्या काड्या १० लागतात, किटमध्ये ८ च! पेनाची रिफिल कापून भागवलं. शिवाय काड्या उपसायला चिमटा दिलेला नाही, फोटोत मात्र आहे, माझ्या अंगठ्याचं नख गेलं. विक्रेत्याला मेसेज केला तर "धन्यवाद, पुन्हा भेट द्या" असं उत्तर. दोन संध्याकाळी गेल्या माझ्या.

पण माझ्या दोन संध्याकाळींचं काय घेऊन बसलात, रॉबिन्सनने त्याचे गुरू पर्किन (धाकटे) यांच्याबरोबर स्ट्रिक्नीनला हात घातला तो १९१० च्या आसपास आणि रचना जुळली १९४६ ला! मधल्या काळात नोकऱ्या बदलल्या, इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात ते दाखवायला आपण पेपरात काढतो ते वाकडे बाण रूढ केले, पण हे विष काही सोडलं नाही. १९४७ ला नोबेल. आणि प्रयोगशाळेत शून्यापासून बनवलं अमेरिकन केमिस्ट वुडवर्डने, १९५४ ला. हातात ते गाठोडं फिरवून बघितलं की कळतं या लोकांनी काय खाल्लं असेल, कागदावर सात कडी सपाट दिसतात हो.

घ्यायचं असेल तर एका किटवर थांबू नका, दोघातिघांत मिळून दोन घ्या. साडेतीन स्टार. एक चिमट्याचा कापला, अर्धा रिफिलचा.